कोलेस्टेरॉलचा आकडा रंगातून येतो

एकाच रक्ताचे कोलेस्टेरॉल एका प्रयोगशाळेत २०४ आणि दुसरीत १९६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर भरले, की दोहोंपैकी एक अहवाल खोटा असल्याचा समज लगेच होतो. वास्तविक नेहमीच्या चाचणीत कोलेस्टेरॉलपासून एक रंगीत पदार्थ तयार करून त्या रंगाची तीव्रता मोजतात, आणि रंग कोणत्या मार्गाने तयार केला यालाही आकड्यात वाटा असतो.

जुन्या लिबरमान-बुर्खार्ड अभिक्रियेत असेटिक अनहायड्राइड आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल यांमुळे हिरवा रंग येतो. मात्र रक्तातील सुमारे दोन तृतीयांश कोलेस्टेरॉल मेदाम्लांशी जोडलेले, म्हणजे एस्टरच्या रूपात असते. हे एस्टर मोकळ्या कोलेस्टेरॉलपेक्षा गडद रंग देत असल्यामुळे सीरमवर (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवावर) थेट केलेल्या मापनात आकडा फुगतो. म्हणून १९५२ साली एबल, केंडॉल आणि सहकाऱ्यांनी आधी अल्कलीने एस्टर तोडून, मोकळे झालेले कोलेस्टेरॉल द्रावकात वेगळे काढून, मगच रंग आणण्याची पद्धत दिली. ती वेळखाऊ आहे, पण तिच्या अचूकतेमुळे संदर्भपद्धतीचा, म्हणजे इतर पद्धती जिच्याशी ताडून पाहतात त्या पद्धतीचा, मान तिला मिळाला.

आज बहुतेक यंत्रांत विकरांची, म्हणजे एन्झाइमांची साखळी काम करते, आणि मला तिची रचना अतिशय सुंदर वाटते. एस्टरेज हे विकर एस्टरमधून मेदाम्ल वेगळे करते. ऑक्सिडेज मोकळ्या कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण करताना प्रत्येक रेणूमागे हायड्रोजन पेरॉक्साइडचा एक रेणू निर्माण करते. पेरॉक्सिडेज त्या पेरॉक्साइडच्या साहाय्याने फिनॉल आणि ४-अमिनोअँटिपायरिन यांना जोडून लालसर रंगद्रव्य बनवते, ज्याच्या एका रेणूसाठी पेरॉक्साइडचे दोन रेणू खर्ची पडतात. हे रंगद्रव्य ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते. एस्टरेजचे काम अपुरे राहिले, तर आकडा कमी येतो.

रक्तात क जीवनसत्त्व फार मोठ्या प्रमाणात असेल, तर ते वाटेतच पेरॉक्साइड संपवते आणि कोलेस्टेरॉल तेवढेच असूनही आकडा घटतो. म्हणूनच एखाद्या 'रक्तशुद्धी' करणाऱ्या औषधाच्या जाहिरातीतील आधीचा आणि नंतरचा असे दोन अहवाल हा पुरावा मानता येत नाही.

एलडीएल, म्हणजे 'वाईट' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल तर अनेकदा मोजलेलेही नसते. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल ('चांगले' म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइड या रक्तातील मेदाचा पाचवा भाग वजा करून ते काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर गेल्यास ते सूत्र वापरत नाहीत.