‘पी१६ पॉझिटिव्ह’मागचा इतिहास

ठाणे-नवी मुंबईकडच्या पेशंटांच्या हातात घशाच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट येतो, त्यात ‘पी१६ पॉझिटिव्ह’ अशी ओळ असू शकते. पी१६ हा विषाणू नव्हे. ते आपल्याच पेशीतलं प्रथिन. एचपीव्ही (ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस) या विषाणूची खूण म्हणून वापरलं जातं.

१९८३ साली हाराल्ड त्सुर हाऊझेन यांच्या जर्मन गटाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये एचपीव्ही १६ सापडला. त्याच वर्षी फिनलंडच्या संशोधकांनी तोंडाच्या कॅन्सरमध्येही एचपीव्हीचा हात असावा, असं सुचवलं. तिकडे फारसं कोणी बघितलं नाही. तंबाखू आणि दारू ही कारणं समोर दिसतच होती. चित्र बदललं ते २००० साली. अमेरिकेत मॉरा गिलिसन यांनी टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणारे एचपीव्हीचे कॅन्सर हा वेगळाच आजार असल्याचं दाखवलं. २०१० च्या अभ्यासात तीन वर्षांनी हयात असलेले एचपीव्हीवाले पेशंट ८२.४ टक्के होते, बाकीचे ५७.१ टक्के.

आता पी१६ कुठून आलं? विषाणूचं ई७ प्रथिन पेशीतल्या आरबी या प्रथिनाला निकामी करतं. आरबीचा दाब गेला की पी१६ साचत जातं. बायोप्सीच्या ब्लॉकवर (मेणात जपलेल्या तुकड्यावर) रंग देऊन ते स्वस्तात दिसतं. ७० टक्के पेशी ठळक रंगल्या की पॉझिटिव्ह. २०१७ च्या आठव्या आवृत्तीत अमेरिकी स्टेजिंगने (कॅन्सरचा टप्पा ठरवणाऱ्या पद्धतीने) याच खुणेवर या गाठींचं वेगळं कोष्टक केलं.

नाकामागच्या घशाच्या कॅन्सरमध्ये मात्र ईबीव्ही (एप्स्टाइन-बार व्हायरस) हा दुसराच विषाणू असतो. त्याचा डीएनए रक्तातच मोजता येतो, हे हाँगकाँगच्या डेनिस लो यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. आपल्याकडे हा कॅन्सर मुख्यतः नागालँडकडचा, इथे विरळाच.

खरी अडचण आपल्या बाजूची आहे. इथले बहुतेक कॅन्सर गालाचे, हिरड्यांचे. मिश्री, गुटखा, तंबाखू-चुन्याचे. तिथे पी१६ रंगलं म्हणून एचपीव्ही आहे असं धरता येत नाही. घशाच्या गाठींतही २०२३ च्या बहुदेशीय विश्लेषणात सुमारे ९ टक्के पेशंटांमध्ये पी१६ आणि एचपीव्हीच्या तपासण्या जुळल्या नाहीत. जिथे एचपीव्हीचे कॅन्सर कमी, तिथे विषाणूविना पॉझिटिव्ह येणाऱ्यांचा वाटा जास्त. म्हणून त्याच ब्लॉकवर एचपीव्हीचीही तपासणी मागावी, असं माझं मत.

आणि पॉझिटिव्ह आलं म्हणून उपचार हलके करायची घाई नको. सिस्प्लॅटिन या नेहमीच्या केमोऐवजी सेटक्सिमॅब हे औषध देऊन पाहणाऱ्या दोन चाचण्यांचे निकाल २०१८ मध्ये आले; दोन्हींत सिस्प्लॅटिनच सरस ठरलं.