एका डिग्रीत दोन विषय वेगळे अन् एकाच टायमाला दोन डिग्र्या वेगळ्या: बिझनेस अन् क्रिमिनॉलॉजीचा घोळ

बारावीचा निकाल लागला का अमरावती-अकोल्याच्या हॉटेलात परदेशी शिक्षणाचे सेमिनार भरतात अन् तिथून पोट्टे चकचकीत ब्रोशर घेऊन गावात येतात. त्यात एक कोर्स असतो, बीए ऑनर्स बिझनेस मॅनेजमेंट अँड क्रिमिनॉलॉजी (क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हा अन् गुन्हेगाराचा अभ्यास). नाव वाचलं का घरच्यांना वाटते का पोराला एका फीमधे दोन डिग्र्या भेटणार, एक कंपनीतल्या नोकरीची अन् एक पोलिसातली. मंग कोणीतरी सांगते का अरे आता आपल्याकडेबी दोन डिग्र्या एकाच वेळी करता येतात, यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) परवानगी देली, तर तिकडे काहून जायचं. इथंच घोळ होते, कारण ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी तसा काहीच संबंध नाही.

ब्रोशरमधली आहे ती जॉइंट डिग्री. म्हणजे वावर एकच, त्यात कपाशीबी अन् तूरबी, पेरणी एक, राखण एक, सातबारा एक. दोन डिग्र्या म्हणजे दोन वेगळी वावरं, दोन्हीकडे पूर्ण पेरणी, पूर्ण निंदण, पूर्ण खर्च, अन् मंग सातबारेबी दोन. आंतरपीक घेतलं म्हणून कोणी म्हणत नाही का माझ्याकडे दोन वावरं आहेत, पण डिग्रीच्या बाबतीत लोक बिनधास्त म्हणतात.

आकड्यात सांगतो. इंग्लंडमधे ऑनर्स डिग्री साधारण ३६० क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे किती अभ्यास केला त्याचं माप), वर्षाला १२०, तीन वर्षं (स्कॉटलंडमधे चार). जॉइंट असली का हेच १२० साधारण अर्धे-अर्धे वाटले जातात, ६० बिझनेसला, ६० क्रिमिनॉलॉजीला. म्हणजे जो पोट्टा नुसतं बिझनेस मॅनेजमेंट करते त्याच्या अंदाजे अर्धंच बिझनेस तुमच्या वाट्याला येते. मार्केटिंग, अकाउंटिंग, माणसं सांभाळायचं शास्त्र हे मुख्य मुख्य होते, पण खोलातले ऑप्शनल पेपर सुटतात. तिकडून गुन्ह्याचे सिद्धांत, शिक्षेचं शास्त्र, पीडितांचा अभ्यास, संशोधन पद्धती एवढं येते. शेवटी कागद एकच, त्यावर दोन विषयांची नावं. अन् ब्रोशर नीट वाचा, त्यात ‘अँड’ लिहिलं असलं तर साधारण अर्धं-अर्धं, ‘विथ’ लिहिलं असलं तर पहिला विषय मुख्य अन् दुसरा चव लावण्यापुरता, पाव किंवा तिसरा हिस्सा. एजंट हे स्वतःहून सांगत नाही.

आता आपल्याकडचं. यूजीसीने एप्रिल २०२२ मधे सांगितलं का विद्यार्थी दोन पूर्णवेळ कोर्स सोबत करू शकते, दोन्ही कॉलेजात जाऊन केले तरी चालते पण तासांच्या वेळा एकमेकांवर यायला नको, किंवा एक कॉलेजात अन् एक दूरस्थ नाहीतर ऑनलाइन, किंवा दोन्ही दूरस्थ-ऑनलाइन. पीएचडीला हा नियम नाही. कागदावर एकदम मस्त. पण दर्यापूरच्या पोराने सकाळचं कॉलेज गावात केलं अन् दुपारचं अमरावतीत, तर एसटी कोणती पकडायची, अन् दोन्हीकडे हजेरी कशी भरायची? हा नियम बनवणाऱ्याने बहुतेक मेट्रोचा नकाशा समोर ठेवला होता, आमचा एसटी स्टँड नाही. त्यात दुसरं कॉलेज ओरिजनल टीसी मागते अन् ती तर पहिल्या कॉलेजात जमा असते. ह्या टीसी-मायग्रेशनच्या भानगडीपायी यूजीसीला त्याच वर्षी परत पत्र काढून विद्यापीठांना सांगावं लागलं का पोरांची सोय करा. अन् महाडीबीटीची स्कॉलरशिप एका वेळी एकाच कोर्सवर भेटते, दुसऱ्याची फी खिशातून. म्हणून गावातल्या पोरासाठी त्यातला चालणारा रस्ता एकच दिसते, जवळच्या कॉलेजात बीकॉम नाहीतर बीए रेग्युलर अन् सोबत इग्नू किंवा मुक्त विद्यापीठाचं काहीतरी. बीबीए करायचं असलं तर आणखी एक ध्यानात ठेवा, २०२४ पासून राज्यात बीबीए-बीसीएला सीईटी लागली आहे, पहिल्या वर्षी तर आमच्या भागात लय पोरांना फॉर्मची तारीख निघून गेल्यावरच कळलं.

आपल्याकडचा तिसराबी एक प्रकार आहे, तो जॉइंटच्या जवळ जाते. नवीन शैक्षणिक धोरणाच्या क्रेडिट आराखड्यात डबल मेजर आहे, तीन वर्षांच्या १२० क्रेडिटपैकी किमान ४० टक्के म्हणजे ४८ क्रेडिट दुसऱ्या विषयात घेतले का डिग्री डबल मेजर, म्हणजे दोन मुख्य विषयांची. ऐकायला छान, पण कॉलेजात तो विषय तर पाहिजे ना बाप्पा. तालुक्याच्या कॉलेजात क्रिमिनॉलॉजी हा विषयच सहसा नसते, समाजशास्त्राच्या एखाद्या पेपरात गुन्हेगारीचं एक युनिट येते तेवढंच.

कोणी म्हणेल नागपुरात आहे ना, शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, आता राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचंबी कॅम्पस आलं. आहे, पण नावावरून ओळखा, तिथला मुख्य विषय फॉरेन्सिक, म्हणजे रक्त, बोटांचे ठसे, रसायन, मोबाईलमधला डेटा. त्याला बारावी सायन्स पाहिजे. क्रिमिनॉलॉजी समाजशास्त्राच्या घरातली आहे, माणूस गुन्हा काहून करते, कोणत्या परिस्थितीत करते, शिक्षेनं सुधरते का बिघडते, हे तिचे प्रश्न. अन् दोन्हीपैकी काहीबी केलं तरी डायरेक्ट पीएसआय होत नाही, एमपीएससीला कोणत्याही शाखेची डिग्री चालते अन् परीक्षा सगळ्यांना सारखीच द्यावी लागते.

मंग धंदा अन् गुन्हा हे दोन विषय सोबत कोणी काहून शिकावे? मला विचाराल तर जॉइंट डिग्रीत पैसे मोजण्यासारखी गोष्ट ही एकच आहे, दोन विषयांची गाठ. १९३९ मधे एडविन सदरलँड नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने भर सभेत मांडलं का गुन्हा फक्त गरीब वस्तीत होत नाही, कोट घालून ऑफिसात बसलेला माणूसबी धंदा करता करता गुन्हा करते, त्याला त्याने व्हाइट कॉलर क्राइम म्हटलं. त्याचाच विद्यार्थी डोनाल्ड क्रेसी जेलात जाऊन पैशाची अफरातफर केलेल्या लोकांशी बोलला अन् १९५३ मधे त्याने जे मांडलं त्यातून पुढे फ्रॉड ट्रँगल तयार झाला. तीन कोन: कोणाला सांगता येत नाही अशी पैशाची अडचण, हात मारायची संधी, अन् स्वतःची समजूत घालणं, म्हणजे ‘मी काही चोर नाही, पुढच्या महिन्यात भरून देतो’.

आता हे आपल्या पतसंस्थेत आणून पाहा. एकच माणूस दुकानादुकानात फिरून पिग्मी गोळा करते, तोच पावती फाडते, तोच संध्याकाळी खात्यावर नोंद करते, अन् संचालक मंडळ लग्नसराईत व्यस्त. मॅनेजमेंट शिकलेला म्हणते का कामाची वाटणी चुकली, पैसे घेणारा अन् लिहिणारा वेगळा पाहिजे. क्रिमिनॉलॉजी शिकलेला म्हणते का संधीचा कोन उघडा पडला आहे, आता त्या माणसाच्या घरी दवाखाना निघाला नाहीतर मुलीचं लग्न आलं का बाकीचे दोन कोन आपोआप जुळतात. दोघंबी एकाच भोकाबद्दल बोलून राहिले, फक्त एक जण भोक पाहते अन् एक जण त्यातून हात घालणाऱ्याला. मोठ्या आकड्यात पाहायचं तर २००२ चा नागपूर जिल्हा मध्यवर्ती बँकेचा रोखे घोटाळा आठवा, खासगी दलालांमार्फत सरकारी रोखे घ्यायला दीडशे कोटींच्या आसपास पैसे गेले, ना रोखे आले ना पैसे, अन् कोर्टाचा निकाल लागायला डिसेंबर २०२३ उजाडला. अशी केस नुसत्या बीकॉमवाल्याला समजत नाही अन् नुसत्या गुन्ह्याच्या सिद्धांतावाल्यालाबी समजत नाही, कारण एकाला माणूस दिसत नाही अन् एकाला ताळेबंद वाचता येत नाही.

पण ही गाठ तिकडच्या डिग्रीतबी कोणी तुम्हाला आयती मारून देत नाही. दोन डिपार्टमेंट वेगळे, दोघांचे मास्तर वेगळे, बिझनेसवाले नफ्याचं शिकवतात अन् क्रिमिनॉलॉजीवाले जेलचं, दोन वर्षं तुम्ही इकडून तिकडे फिरता. जोडायची जागा बहुतेक शेवटच्या वर्षाचा प्रबंध, तिथे विषय निवडता येते. ज्याने तिथे कंपनीतला फ्रॉड, मनी लाँडरिंग, डिजिटल पेमेंटमधली फसवणूक असं काही घेतलं त्याला बँकेच्या कम्प्लायन्स (नियम पाळले जातात का ते पाहायचं काम) नाहीतर तपासाच्या कामात बोलायला काहीतरी असते. बाकीच्यांकडे दोन अर्धे विषय राहतात. दोन डिग्र्यावाल्याचं उलटं, दोन्ही विषय पूर्ण पण त्याला प्रबंधासारखी जागाच नाही, जे जोडायचं ते स्वतःच्या डोक्यात.

पैशाचंबी स्पष्ट सांगतो. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मास्टर्स अन् पीएचडीला आहे, बारावीनंतरच्या डिग्रीला नाही, हे सेमिनारमधे कोणी सांगत नाही. २०२४ ची पीएम विद्यालक्ष्मी योजना भारतातल्या निवडक संस्थांसाठी आहे, परदेशासाठी नाही. म्हणजे बारावीनंतरच जॉइंट डिग्रीला जायचं तर बहुतेकांच्या घरी वावर गहाण टाकून बँकेचं लोन हाच रस्ता उरते, वरून परत आल्यावर सरकारी नोकरीसाठी त्या डिग्रीचं समकक्षता प्रमाणपत्र काढा.

माझं मत इचाराल तर विदर्भातल्या पोराने इथे बीकॉम करावं, सोबत इग्नूचं काही झेपलं तर करावं, नाही झेपलं तर सोडावं, अन् क्रिमिनॉलॉजी मास्टर्सला घ्यावी, देशात घ्या नाहीतर स्कॉलरशिप भेटली तर बाहेर. फक्त मास्टर्सला काही विद्यापीठं कोणत्याही शाखेची डिग्री चालवून घेतात अन् काही समाजशास्त्र, कायदा, मानसशास्त्र असंच मागतात, तर बीकॉमच्या दुसऱ्या वर्षालाच त्यांच्या साइटवर पात्रता पाहून घ्या, म्हणजे तिसऱ्या वर्षी एखादा पेपर त्या हिशोबाने निवडता येईल.