संगणक-उपकरणांचा टिकाऊपणा

कीबोर्ड, माऊस, हेडफोन ही संगणकाला जोडायची उपकरणे आणि पॉवर बँक, बिनतारी स्पीकर ही चार्ज करून वापरायची साधने रोजच्या वापरात व त्या त्या गावच्या हवेत किती काळ आपले काम चोख करतात, यावरून त्यांचा टिकाऊपणा ठरतो. कवच कितीही भक्कम दिसले, तरी उपकरणाचे आयुष्य त्यातील सर्वांत आधी झिजणाऱ्या भागाएवढेच असते; म्हणून तो भाग कोणता आणि तो बदलता येतो का, हे दोन प्रश्न वजन, चकाकी व किंमत यांच्या आधी विचारणे योग्य ठरते.

माऊसमध्ये हा भाग बहुधा डाव्या बटणाखालचा लहानसा स्विच असतो. त्यातील धातूची पातळ पट्टी दर दाबाला वाकून संपर्कबिंदूला भिडते. अशा स्विचसाठी उत्पादक १ कोटी ते ५ कोटी किंवा त्याहून अधिक दाबांचे आयुष्य सांगतात. परंतु माऊसमधील विद्युत्‌ प्रवाह अत्यल्प असल्याने संपर्कबिंदूंवर साचणारा ऑक्साइडचा थर जळून निघत नाही, पट्टीचा ताणही हळूहळू कमी होतो, आणि एकदा दाबले असता दोनदा क्लिक होऊ लागते. प्रकाशकिरण अडवून चालणाऱ्या ऑप्टिकल स्विचमध्ये धातूचा संपर्कच नसल्यामुळे हा दोष या कारणाने उद्भवत नाही. कीबोर्डबाबत फरक अधिक ठळक आहे : कळांखाली रबरी घुमट असलेल्या स्वस्त कीबोर्डची प्रत्येक कळ साधारणपणे ५० लाख ते १ कोटी दाबांसाठी, तर कळीखाली स्वतंत्र यांत्रिक स्विच असलेल्या कीबोर्डची कळ ५ कोटी वा अधिक दाबांसाठी बनवलेली असते. आयबीएमने १९८५ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल एम’ या स्प्रिंगच्या कीबोर्डाचे जुने नग आजही वापरात आढळतात.

यूएसबीच्या रुंद टाइप-ए जोडणीचे मूळ मानक १,५०० वेळा, तर मायक्रो व टाइप-सी यांचे १०,००० वेळा लावण्या-काढण्याचे आहे. मायक्रो व टाइप-सी या दोन्हींत झिजणारी स्प्रिंग मुद्दाम केबलच्या टोकात ठेवलेली असते, जेणेकरून झीज झालीच तर महाग उपकरणाऐवजी स्वस्त केबल बदलावी लागेल. रचनेतील हा शहाणपणा विशेष उल्लेखनीय आहे.

चार्ज होणाऱ्या साधनांत मात्र बॅटरी निर्णायक ठरते. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली. घरगुती साधनांतील अशा बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्ज-आवर्तनांनंतर मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते आणि उष्णतेत ही घट वेगाने होते, कारण विद्युत्‌ अग्रावर साचणारा थर उष्णतेने लवकर वाढतो व द्रावणाचे विघटन होऊन वायू निर्माण होतो. बॅटरी फुगते ती याच वायूमुळे. ग्वाल्हेरमध्ये मे-जूनमधील तापमान ४५ अंश सेल्सियसच्या आसपास व कधी त्याहून वर जाते, आणि बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्यांना चार्ज करण्याची वरची मर्यादाही सुमारे ४५ अंशच असते. त्यामुळे तिथल्या लश्कर भागातील घराच्या माडीवर, तापलेल्या गच्चीखालच्या खोलीत, भर दुपारी चार्जिंगला लावलेली पॉवर बँक आपल्या मर्यादेच्या काठावरच काम करत असते; तीच पहाटे किंवा तळमजल्यावर चार्ज केल्यास तिच्यावरचा ताण कमी होतो. सुट्टीत पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे जाताना असे साधन पूर्ण चार्ज करून बंद घरात ठेवण्याऐवजी निम्मे चार्ज करून सर्वांत थंड खोलीत ठेवावे, कारण पूर्ण चार्ज आणि उष्णता एकत्र आल्यास न वापरलेली बॅटरीही झिजते.

लूबरोबर, म्हणजे उन्हाळ्यातील तप्त वाऱ्याबरोबर, येणारी बारीक धूळ कळांखाली व चार्जिंगच्या खाचेत बसते. उपकरण धूळ व पाण्यापासून किती सुरक्षित आहे हे दाखवणाऱ्या आयपी५४, आयपी६७ अशा खुणांतील पहिला अंक धुळीविषयीचा असतो : ५ म्हणजे धुळीपासून मर्यादित संरक्षण, ६ म्हणजे धूळ मुळीच आत न जाणे. ग्राहक बहुधा पाण्याविषयीच्या दुसऱ्या अंकाकडेच पाहतात. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी पहिला अंक अधिक उपयोगाचा आहे. मऊ रबरासारखा लेप दिलेली उपकरणे हाताला सुखद लागतात, परंतु लेप पॉलियुरेथेनचा असल्यास काही वर्षांत दमट हवेने विघटित होऊन चिकट होतो, म्हणून साधे खरखरीत प्लॅस्टिक अधिक भरवशाचे.

लिथियम बॅटऱ्यांसाठी भारतात आयएस १६०४६ या मानकानुसार भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. ही नोंदणी सुरक्षिततेपुरती असते आणि साधन किती वर्षे चालेल याविषयी ती काही सांगत नाही. तो अंदाज बांधणीवरून घ्यावा लागतो. स्क्रूने बंद केलेल्या साधनाची बॅटरी दुरुस्ती करणारा सहज बदलू शकतो, तर गोंदाने चिकटवलेले इअरफोन बॅटरी संपताच निकामी होतात. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, लहान साधनांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता येणे बंधनकारक होणार आहे. तोपर्यंत बिनतारी माऊस घेताना, पुन्हा चार्ज होणाऱ्या निकेल-मेटल हायड्राइडच्या सुट्या एए सेलवर चालणारा माऊस आतील कायमच्या बॅटरीवाल्यापेक्षा दीर्घकाळ उपयोगी पडण्याची शक्यता अधिक असते, कारण सेल थकल्यावर तेवढेच बदलून माऊस पुढे वापरता येतो.