सागवानी पाटीला किती वॅट लागतात?

दारावरची नावाची पाटी कोरायला घरच्या घरी सीएनसी मशीन (संगणकाच्या सूचनांनुसार कोरणारं यंत्र) जुळवायला घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला: राउटर, म्हणजे कोरणारं पातं फिरवणारी मोटर, किती वॅटचा घ्यायचा? सुतार वापरतात तो ५५० वॅटचा ट्रिमर (हातातला छोटा राउटर) चालेल, की थेट २.२ किलोवॅटचं स्पिंडल (मशीनसाठीच बनवलेली मोठी मोटर) लावावं? माझ्या मते प्रश्नच जरा चुकलेला आहे. आधी आकडेमोड करून बघू.

समजा ६ मिमीचं बिट (मोटरीत बसवायचं कापणारं पातं), खोली ३ मिमी, आणि मशीन मिनिटाला १५०० मिमी सरकतंय. म्हणजे सेकंदाला ४५० घन मिमी लाकूड निघतं. लाकडाची जात, ओल, ढलपीची जाडी यांनुसार कापायला लागणारी ऊर्जा बदलते, पण ठोकताळा म्हणून घन मिलिमीटरला ०.१ ज्यूल धरा. उत्तर येतं ४५ वॅट. जुना पिवळा ६० वॅटचा बल्ब याहून जास्त खायचा! कठीण लाकूड आणि बोथट धार म्हणून तिप्पट धरलं, तरी १३५ वॅटच.

व्ही-बिटने, म्हणजे व्ही आकाराच्या टोकदार बिटने, अक्षरं कोरताना भार वाढतो. ६० अंशांच्या बिटने १२ मिमी रुंदीची शिरोरेषा कोरायची तर चर साधारण १०.४ मिमी खोल जातो. तो एकाच फेरीत, मिनिटाला १२०० मिमी वेगाने काढायची हिंमत केली तर सव्वाशे वॅट लागतील. तोच चर ९० अंशांच्या बिटने फक्त ६ मिमी खोल होतो आणि काम जवळपास निम्म्यावर येतं.

इथे एक मेख आहे. ट्रिमरवर छापलेले वॅट म्हणजे तो विजेच्या बोर्डावरून ओढतो ती शक्ती. आतल्या ब्रशवाल्या मोटरीत त्यातला मोठा हिस्सा उष्णतेत आणि स्वतःच्या पंख्यात जातो. बिटच्या टोकाशी निम्मी शक्ती पोचली तरी पुष्कळ. हॉर्सपॉवरच्या आकड्यांवर तर मुळीच भाळू नका. अमेरिकेत १५ अँपिअर, १२० व्होल्टवर चालणारे राउटर सव्वातीन एचपीचे म्हणून विकले जातात. त्या सॉकेटमधून निघतात जेमतेम १८०० वॅट, आणि ७४६ ने भागलं की होतात २.४ एचपी, तेही मोटरीतला तोटा न धरता.

तर ५५० वॅट पुरतात. मग लाकूड काळं का पडतं? फिरण्याच्या वेगामुळे. मिनिटाला ३०,००० फेऱ्या आणि दोन धारांचं बिट म्हणजे मिनिटाला ६०,००० घास. १५०० मिमी वेगाला प्रत्येक घास ०.०२५ मिमीचा, साध्या छपाईच्या कागदाच्या जाडीचा जेमतेम पाव हिस्सा. एवढ्या पातळ थरात धार कापत नाही, घासते. उष्णता खरं तर ढलपीबरोबर बाहेर पडायला हवी, इथे नुसती भुकटी निघते आणि बिट तापतं. तेच मशीन १२,००० फेऱ्यांवर, एका धारेच्या बिटने चालवलं की घास ०.१२५ मिमीचा होतो. अॅक्रिलिकला हे फार लागू पडतं. ते १०० अंशांच्या आसपास मऊ होतं आणि बिटलाच चिकटून बसतं. म्हणून खरेदी करताना वॅटच्या आधी वेग कमी करायची चकती आहे का, आणि ती १०,००० पर्यंत उतरते का, ते बघा. स्वस्त ट्रिमरला बऱ्याचदा ती नसतेच.

देवनागरीत हे दुखणं जरा जास्तच जाणवतं. उकार, वेलांटी, ‘क’चं पोट अशा प्रत्येक वळणावर मशीन मंदावतं, पण राउटरच्या फेऱ्या तेवढ्याच राहतात. घास आणखी बारीक होतो आणि नेमका तिथेच करपल्याचा डाग पडतो. जोडाक्षरांनी भरलेलं आडनाव असेल तर विचारूच नका.

आणि सांगाडा? वरच्या पहिल्या उदाहरणात बिटवर १८,००० फेऱ्यांना सरासरी बल येतं फक्त ८ न्यूटन, म्हणजे पाऊण-एक किलोच्या वजनाइतकं. पण ते धक्क्याधक्क्याने येतं आणि पातळ बिट वाकतं. जाडी निम्मी केली की बिट सोळापट लवचीक होतं, बाहेर काढलेली लांबी दुप्पट केली की आठपट. पट्ट्यावर चालणाऱ्या हलक्या गॅन्ट्रीवर (मोटर धरून सरकणाऱ्या आडव्या चौकटीवर) पाच-सहा किलोचं स्पिंडल टांगलं, तर वाढीव शक्ती वापरण्याआधीच सगळं डोलायला लागतं.

मोठ्या स्पिंडलचे फायदे आहेत, नाही असं नाही. आवाज कमी, ब्रश बदलायची कटकट नाही, २५ मिमीचं सपाटीकरणाचं बिट बिनघोर लावता येतं. मात्र २.२ किलोवॅट मिळतात ते २४,००० फेऱ्यांना. पीळ (टॉर्क) तेवढाच राहत असल्याने १२,००० वर शक्ती निम्मी होते आणि ६,००० वर उरतात ५५० वॅट. शिवाय घरातल्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर हे चालणार नाही, १६ अँपिअरचं हवं.

माझ्या मशीनवर ७०० वॅटचा, वेग बदलता येणारा ट्रिमर आहे. पाटी कोरताना बोर्डावर सगळ्यात जास्त भार टाकतो तो भुसा ओढणारा व्हॅक्यूम.