दर पौर्णिमेला ग्रहण का नाही?

७ सप्टेंबर २०२५ च्या खग्रास चंद्रग्रहणानंतर एक जुना गैरसमज पुन्हा ऐकू येतो: चंद्राच्या कला म्हणजे पृथ्वीची सावलीच. तो खोडायला शुद्ध अष्टमीची संध्याकाळ पुरे. कोल्हापुरात सूर्य रंकाळा तलावापलीकडे मावळत असताना अर्धा चंद्र जवळजवळ डोक्यावर असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर विरुद्ध, म्हणजे पूर्व क्षितिजाकडे. ती चंद्राला शिवणार कशी? चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेला असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलेला आहे, त्यावर कला ठरते.

पौर्णिमेला मात्र चंद्र सावलीच्याच बाजूला असतो. मग दर महिन्याला ग्रहण का नाही? इथे पुस्तकातली सपाट, आखडलेली आकृती घात करते. खऱ्या प्रमाणात मांडून बघा. ७ सेंटिमीटरची मोसंबी ही पृथ्वी. चंद्र जेमतेम २ सेंटिमीटरचं बोर. ते मोसंबीपासून २ मीटर १० सेंटिमीटरवर ठेवायचं. बहुतेक जण वीतभर अंतरावर धरतात आणि तिथेच फसतात. सूर्य ८२० मीटर दूर, दुमजली घराएवढा. मोसंबीची गडद सावली बोरापर्यंत पोचेतो निमुळती होत ५ सेंटिमीटर रुंद उरते. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली. या मांडणीत ते होतात जवळपास १९ सेंटिमीटर. म्हणजे सावली मध्यापासून अडीच सेंटिमीटर पसरलेली, आणि बोर १९ सेंटिमीटरपर्यंत वरखाली होणारं. बहुतेक पौर्णिमांना नेम चुकतो तो यामुळे.

या दोन कक्षांची प्रतलं जिथे छेदतात ते दोन बिंदू म्हणजे पात. चंद्र उत्तरेकडे जाताना ओलांडतो तो राहू, दक्षिणेकडे जाताना केतू. पंचांगातले राहू-केतू हेच. गिळणारं तिथे कुणी नाही. सूर्य एखाद्या पाताजवळ असताना येणाऱ्या पौर्णिमा-अमावास्येलाच ग्रहण लागतं. पात स्वतः उलटे सरकतात, १८.६ वर्षांत एक फेरी. म्हणून सूर्याला एका पाताकडून दुसऱ्याकडे जायला सहा महिने न लागता सुमारे १७३ दिवस लागतात. पण चंद्रग्रहणाला पौर्णिमाही हवी, म्हणून ७ सप्टेंबरनंतरचं चंद्रग्रहण सहा पौर्णिमांनी, १७७ दिवसांनी, ३ मार्च २०२६ ला आलं.

वेध लागले म्हणून गरोदर बाईला उपाशी ठेवतात, हे थांबायला हवं. ग्रहणात चंद्रावर पडते ती पृथ्वीची तीच सावली, जिला आपण रात्र म्हणतो. तिच्यात बसून आपण रोज जेवतो.

३१ डिसेंबर २०२८ च्या रात्री कोल्हापुरातून खग्रास चंद्रग्रहण दिसेल. साध्या डोळ्यांनी बघायला काहीच हरकत नाही. सावलीची कड चंद्राच्या कडेपेक्षा कमी वाकडी दिसेल: ५ सेंटिमीटरचं वर्तुळ २ सेंटिमीटरच्या बोरावरून सरकत असेल.