एका रानफुलाच्या दोनशे जाती

द्राबा व्हर्ना हे मोहरीच्या कुळातलं बोटभर उंचीचं युरोपीय रोप. पांढऱ्या पाकळ्या चारच, पण प्रत्येक मधोमध चिरलेली, त्यामुळे घाईत मोजणारा हमखास आठ म्हणतो. सजीवांच्या वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या स्वीडिश लिनियसने 1753 साली त्याची एकच जात धरली. पुंकेसर मोजून मोठे गट पाडण्यात त्याचा हातखंडा. जुळ्या भावंडांची उस्तवार तिथे नव्हती. 1778 साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने ‘हे की ते?’ असं विचारत एकेक पर्याय गाळत जाणारी रीत फ्रान्सच्या वनस्पतींसाठी वापरली. ती आजही चालते. पण ‘पान लवदार की गुळगुळीत?’ या प्रश्नापाशी हातातलं पान अर्धवट लवदार निघालं, की गाडी अडलीच.

फ्रान्समधल्या लिओंच्या आलेक्सिस जॉर्दां या वनस्पतिज्ञाने मग भिंगावर न थांबता बी पेरलं. ठिकठिकाणची द्राबाची रोपं बागेत शेजारी शेजारी, वर्षानुवर्षं वाढवली. माती एक, पाणी एक, तरी पानांची ठेवण, लव, शेंगेचा आकार हे फरक पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे उतरले. त्याने या एका रोपाच्या सुमारे दोनशे जाती केल्या! समकालीनांनी त्याला जातींचा कीस काढणारा ठरवलं. माझ्या मते त्याची नजर चोख होती, निष्कर्ष तेवढा फसला. जाती देवाने घडवलेल्या आणि अचल, असं तो मानायचा.

खरं कारण फुलातच होतं. द्राबात बहुतेक वेळा स्वपरागण होतं, म्हणजे फुलाला स्वतःचेच पराग लागतात. त्यामुळे प्रत्येक वाण आपापले बारीकसारीक फरक शुद्ध राखतो. 1940 साली ओयविंड विंगे या डॅनिश शास्त्रज्ञाने गुणसूत्रं मोजली, तर ती कुठे 14, कुठे 64. त्यावरून त्याने दोनशेच्या चार जाती केल्या.

डीएनएनेही सगळा गुंता सुटला नाही. 2009 साली वनस्पतींसाठी दोन जनुकांचा बारकोड, म्हणजे जात ओळखायची डीएनएची खूण, ठरला, तेव्हा चाचणीत साधारण 72 टक्के जातीच नेमक्या ओळखता आल्या. उरलेल्या जवळच्या नातलगांच्या गटापर्यंतच पोचल्या. संकरातून किंवा गुणसूत्रं दुपटीने वाढून झालेल्या जातींपाशी हे घोडं विशेष अडतं.

ब्रिटनचे वनस्पतिज्ञ द्राबाच्या आता तीन जाती मानतात, काही जण एकच. तिन्ही वेगळ्या करताना पाहायचं ते पानांवरची लव आणि पाकळी किती खोल चिरली आहे ते.