फोटो स्टुडिओची बातमी कशी होते?
छायाचित्रकार ग्राहकांसाठी माहितीपत्रक

छायाचित्रकारांच्या कामाची गोष्ट वृत्तपत्रांपर्यंत पोहोचवणं, हे आमचं काम. आमच्याकडे येणारे बहुतेक छायाचित्रकार पहिल्याच भेटीत विचारतात, "आमचं नाव पेपरात कधी येईल?" प्रश्न रास्त आहे. लग्नसराईत वांद्र्याच्या किल्ल्यावर एकाच संध्याकाळी चार-पाच जोडप्यांची प्री-वेडिंग शूट चाललेली असतात. कॅमेरे सगळ्यांचेच चांगले आणि इन्स्टाग्रामवर फोटोही सगळ्यांचेच देखणे. अशा वेळी मुलीच्या वडिलांसमोर एखाद्या दैनिकाच्या पुरवणीतलं कात्रण ठेवता आलं, तर त्यांचा विश्वास लवकर बसतो. मात्र काम आमच्याकडे सोपवण्याआधी आम्ही काय करतो आणि काय करू शकत नाही, हे तुम्हाला नीट माहीत असावं.

आधी पैशांचं बोलू. जाहिरातीची जागा विकत मिळते, बातमीची मिळत नाही. "अमुक रकमेत बातमी लावून देतो" असं कुणी सांगत असेल, तर कृपया त्याच्या नादी लागू नका. बातमीच्या वेशात छापल्या जाणाऱ्या विकाऊ मजकुराबद्दल प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने २०१० मध्ये अहवाल दिला होता, इतकं ते दुखणं जुनं आहे. आमचं मानधन गोष्ट शोधण्याचं, ती लिहिण्याचं, योग्य बातमीदारापर्यंत पोहोचवण्याचं आणि पाठपुराव्याचं आहे. छापायचं की नाही, हे संपादकीय विभाग ठरवतो. नक्की छापून आणू, असं आम्ही कुणालाही सांगत नाही.

गोष्ट कुठे असते

नवा स्टुडिओ उघडला, नवा ड्रोन घेतला, दहा वर्षं पूर्ण झाली. तुमच्यासाठी हे मोठे दिवस आहेत, पण वाचकाला त्यात काही मिळत नाही. वाचकाचं लक्ष तुमच्या फोटोतल्या माणसांकडे जातं.

समजा, परळमध्ये तुमचा वडिलोपार्जित स्टुडिओ आहे. माळ्यावर निगेटिव्हचे डबे पडून आहेत आणि वडिलांच्या हातची नोंदवही आहे: नाव, चाळ, खोली नंबर, किती कॉप्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्या सुमाराला कुटुंबाचा एकत्र फोटो काढून गावी निघून गेलेली माणसं तुमच्या त्या डब्यांत असू शकतात. तुम्ही त्या कुटुंबांना शोधून एकेक प्रिंट परत द्यायला निघालात, तर ती बातमी आहे. १८ जानेवारीच्या आठवड्यात ती कोणत्याही मराठी दैनिकाला द्यावी अशी बातमी आहे. स्टुडिओचं नाव तिच्यात आपोआप येतं, आणि त्याला मान असतो.

जुना स्टुडिओ नसला तरी हरकत नाही. कुणी शिवडीच्या खाडीवर दर हिवाळ्यात फ्लेमिंगो टिपतं, कुणी एकाच गणेश मंडळाचं आगमन वर्षानुवर्षं टिपत आलेलं असतं, कुणी फक्त कोळीवाड्यातल्या हळदी करतं. पहिल्या भेटीत आम्ही तुमच्या उत्तम फोटोंपेक्षा अशा सलग कामाबद्दल जास्त विचारतो.

परवानगी

इथे मात्र थांबून वाचा, कारण पुष्कळ अनुभवी छायाचित्रकारांनाही हे ठाऊक नसतं. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतला असेल आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला प्रताधिकार पैसे देणाऱ्या ग्राहकाचा असतो. म्हणजे लग्नाचा अल्बम तुम्ही केलात, तरी तो छापायला देण्याआधी त्या कुटुंबाची संमती हवी. बुकिंगच्या कागदावरच प्रसिद्धीसाठी संमतीचा रकाना ठेवा आणि त्यावर सही घ्या. वरच्या उदाहरणातही कुटुंबांना आधी गाठणं म्हणूनच गरजेचं आहे. लेखी संमतीशिवाय आम्ही कुणाचाही फोटो पुढे पाठवत नाही.

पत्र, फोटो आणि वेळ

"माननीय संपादक महोदय, आमच्या कार्यास प्रसिद्धी मिळावी ही विनंती" अशा मेलची कुणी दखल घेत नाही. विषयाच्या ओळीतच गोष्ट दिसायला हवी: "संपाच्या वर्षातले गिरणगावचे कुटुंब-फोटो, आता घरोघरी परत". खाली दोन छोटे परिच्छेद, तीन फोटो, एक फोन नंबर. आणि मेल एका व्यक्तीला, तिने आधी काय लिहिलंय ते वाचून. गिरणगावावर लिहिणारा बातमीदार वेगळा, लग्नाच्या पुरवणीचं पान बघणारी उपसंपादक वेगळी.

इथे आमची एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात आम्ही एकच गोष्ट "फक्त तुम्हालाच" म्हणून दोन दैनिकांना दिली. दोन्हीकडे एकाच दिवशी छापून आली. ग्राहक खूश होता, पण त्या दोघा बातमीदारांना पुन्हा तोंड दाखवायला आम्हाला बराच काळ लागला. आता एकाकडून स्पष्ट नकार येईपर्यंत आम्ही दुसऱ्याला ती गोष्ट देत नाही. त्यात आठवडा गेला तर जाऊ द्या.

फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवू नका, त्यांची गुणवत्ता घसरते. डॉक्युमेंट म्हणून किंवा मेलने पाठवा. सहा इंच रुंद छपाईसाठी ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपके) हिशेबाने १८०० पिक्सेल रुंदी लागते. फोटोवर स्टुडिओचा लोगो नको, तसा फोटो पेपर घेत नाहीत. छायाचित्रकार म्हणून तुमचं नाव फोटोखाली 'छाया:' असं लिहून यावं, हे आम्ही आधीच मागून घेतो. प्रत्येक फोटोला फोटोओळ हवी, नावं डावीकडून क्रमाने. नावाचं शुद्धलेखन त्या माणसाकडूनच तपासून घ्या. छापील चूक त्या घरात कायमची राहते.

वेळेचं म्हणाल, तर लग्नाच्या विषयांना तुळशीच्या लग्नाआधीचे आठवडे बरे. १९ ऑगस्टच्या जागतिक छायाचित्रण दिनासाठी जुलैतच बोलायला हवं. दिवाळी अंकासाठी छायालेख द्यायचा असेल, तर पावसाळा सुरू होतानाच संपादकांशी बोला. अनंत चतुर्दशी, निवडणुकीचा निकाल, अर्थसंकल्प, या दिवशी कुणालाही फोन करू नका.

छापून आल्यावर दुसऱ्याच दिवशी फोन खणखणतील, अशी अपेक्षा ठेवू नका. कात्रण लॅमिनेट करून काउंटरवर ठेवा, बातमीची लिंक कोटेशनसोबत पाठवा. ज्यांच्या फोटोंमुळे बातमी झाली, त्या घरी अंकाची एक प्रत स्वतः नेऊन द्या.

पहिल्या भेटीला येताना निवडक वीस फोटो, जुनी नोंदवही असल्यास ती, आणि बुकिंगचा तुमचा कोरा कागद घेऊन या. या भेटीचे पैसे आम्ही घेत नाही. तुमच्या कामात अजून गोष्ट तयार झालेली नसेल, तर तसं त्याच दिवशी सांगतो.